समाधान विचारू नका, काय घडलं ते विचारा: इमर्जन्सी विभागातला रुग्णानुभव कसा मोजतात

‘आमच्या इमर्जन्सी विभागातल्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?’ असं विचारलं की बहुतेक रुग्ण ‘हो’ म्हणतात. छातीत कळ आली होती, ती थांबली, ईसीजी ठीक निघाला, घरी सोडलं. अशा माणसाच्या तोंडून तक्रार निघत नाही. त्याच माणसाला विचारा, ‘घरी गेल्यावर कोणता त्रास झाला तर लगेच परत यायचं, हे कोणी सांगितलं का?’ आता तो जरा थांबतो आणि म्हणतो, ‘नाही, तसं काही कोणी बोललं नाही.’ पहिल्या उत्तरावरून विभागाला काहीच कळत नाही. दुसऱ्यावरून उद्या सकाळी काय बदलायचं ते कळतं.

समाधान आणि अनुभव या दोन गोष्टींत इतका फरक आहे. दोन तास ताटकळावं लागणार असं धरून आलेला माणूस दीड तासात नंबर लागला तर खूश होतो. पंधरा मिनिटांत डॉक्टर भेटतील असं धरून आलेला अर्ध्या तासात चिडतो. म्हणजे समाधानाच्या आकड्यात विभागाचं काम किती आणि रुग्णाची अपेक्षा किती, हे वेगळं काढता येत नाही. ‘पडदा ओढला होता का’, ‘औषध कशासाठी आहे ते सांगितलं का’ या प्रश्नांची उत्तरं अपेक्षेवर फारशी हलत नाहीत. पिकर या संस्थेने काही दशकांपूर्वी रुग्णांना गुण द्यायला न लावता घडलेलं सांगायला लावणाऱ्या प्रश्नावल्या रुजवल्या, त्या याच कारणाने. आजची बहुतेक गंभीर सर्वेक्षणं त्याच वाटेने जातात. इंग्लंडमध्ये 2003 पासून दर काही वर्षांनी आपत्कालीन विभागांचं राष्ट्रीय सर्वेक्षण होतं, ते आता केअर क्वालिटी कमिशन ही आरोग्यसेवांवर देखरेख करणारी संस्था करून घेते. अमेरिकेत सरकारी आरोग्यविमा चालवणाऱ्या सीएमएस या केंद्रीय संस्थेने इमर्जन्सीसाठी ईडी कॅप्स नावाची प्रश्नावली तयार करून घेतली आहे. ती वापरायची की नाही हे रुग्णालयावर सोडलेलं आहे.

या सगळ्या खटाटोपात लोकांचं लक्ष प्रश्नांवर असतं. चूक मात्र बहुतेक वेळा त्याच्या आधीच होऊन गेलेली असते, रुग्णांची यादी काढताना.

यादी

काम सुरू होतं ते रजिस्टरपासून. समजा एका महिन्यात विभागात 4,200 भेटींची नोंद झाली. या 4,200 भेटी आहेत, 4,200 माणसं नव्हेत. दमा, व्यसन, मूतखडा अशा कारणांनी काही जण महिन्यात तीन-चारदा येतात. एका माणसाला एकच प्रश्नावली जावी म्हणून आधी दुबार नावं काढायची. पण तो नेमक्या कोणत्या भेटीबद्दल बोलतो आहे हे ठरलेलं हवं. म्हणून पत्रावर भेटीची तारीख छापायची. ती नसेल तर माणूस गेल्या तीन भेटींची मिसळ करून उत्तर देतो, किंवा त्यातली सगळ्यात वाईट भेट आठवून देतो.

मग वगळण्याचं काम. टाके काढायला किंवा ड्रेसिंग बदलायला ठरवून आलेले रुग्ण वगळायचे, कारण त्यांचा अनुभव इमर्जन्सीचा नाही. गर्भपात, गर्भनिरोधक किंवा लपवून ठेवलेलं गरोदरपण यासाठी आलेल्या व्यक्तींना इंग्लंडच्या सर्वेक्षणात पत्र पाठवत नाहीत. लिफाफा घरातलं कोणीही उघडू शकतं. घरातल्या मारहाणीमुळे आलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर ते पत्र थेट धोक्याचं ठरू शकतं. नोंदीत कारण ‘पडून लागलं’ असं असलं तरी नर्सच्या टिपणात खरी गोष्ट असते, म्हणून नुसत्या कोडवर विसंबू नये.

आणि मृत्यू. घरी सोडलेला रुग्ण आठवड्याने गेला आणि त्याच्या नावाने ‘तुमचा अनुभव कसा होता?’ असं पत्र आलं, तर त्या घरावर काय गुदरत असेल ते सांगायला नको. मृत्यूच्या नोंदींशी पडताळणी एकदा करून भागत नाही. पहिलं पत्र, मग प्रत्येक आठवणपत्र, दरवेळी पाठवण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत ती पुन्हा करावी लागते.

सगळं गाळून समजा 3,600 उरले आणि आपल्याला 1,200 जणांना विचारायचं आहे. यादी आलेल्या वेळेनुसार लावायची, एक ते तीनमधला आकडा चिठ्ठी टाकून काढायचा आणि तिथून दर तिसरा माणूस घ्यायचा. अशाने रात्रपाळी, रविवार, गर्दीची संध्याकाळ यांचा वाटा आपोआप बरोबर येतो. हे काम ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांवर सोपवलं की वाट लागते. फॉर्म कोणाला द्यायचा हे त्यांनी ठरवायचं म्हटलं की तो हसऱ्या, शुद्धीतल्या, घाईत नसलेल्या माणसाच्या हातात पडतो. यात लबाडी असतेच असं नाही. ओकणाऱ्या माणसापुढे कोण फॉर्म धरेल?

दारापाशी ठेवलेलं हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या बटणांचं यंत्र हा याच्याही पलीकडचा प्रकार. लहान मुलं ती बटणं दहादा दाबतात, चिडलेला नातेवाईक वीस वेळा. कितीजण न दाबता गेले हे कोणालाच माहीत नसतं. छेद माहीत नसलेल्या अपूर्णांकाला टक्केवारी म्हणता येत नाही.

कोणाला विचारायचंच नाही, हाही निर्णय असतो आणि तो अहवालात लिहायला हवा. ईडी कॅप्स ही घरी सोडलेल्या प्रौढांची प्रश्नावली आहे. जे इमर्जन्सीतून वॉर्डात दाखल झाले त्यांना आंतररुग्णांची एचकॅप्स ही वेगळी प्रश्नावली जाते. विभागातले सगळ्यात आजारी, ट्रॉलीवर सगळ्यात जास्त वेळ पडून राहिलेले रुग्ण म्हणजे हेच. त्यांचा अनुभव ज्या आकड्यात नाही त्याला ‘विभागाचा अनुभव’ म्हणणं चुकीचं. वैतागून डॉक्टर भेटायच्या आतच निघून गेलेल्यांचंही तसंच. त्यांची गणना निदान वेगळी द्यावी.

कोण उत्तर देत नाही

1,200 जणांना पाठवलं आणि 300 उत्तरं आली, म्हणजे 25 टक्के. अशा सर्वेक्षणांत हे फार कमी मानलं जात नाही. प्रश्न असा, की उरलेले 900 या 300 जणांसारखेच आहेत का? सहसा नसतात. तरुण कमी उत्तरं देतात, वयस्क जास्त. आणि वयस्क माणसं साधारणपणे चांगली उत्तरं देतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते आकड्यात पाहू.

समजा भेटींपैकी निम्म्या तरुणांच्या आहेत, पण उत्तरांत तरुण फक्त 20 टक्के. ‘डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं’ असं 50 टक्के तरुण म्हणतात आणि 80 टक्के वयस्क. आलेली उत्तरं तशीच मोजली तर 0.2 गुणिले 50 अधिक 0.8 गुणिले 80, म्हणजे 74 टक्के. प्रत्येक गटाला त्याच्या खऱ्या वाट्याएवढं वजन दिलं तर 65. विभाग तोच, रुग्ण तेच, नऊ अंकांचा फरक नुसत्या वजनाचा. पुढच्या वेळी एसएमएसने लिंक पाठवली, तरुणांची उत्तरं वाढली आणि आकडा 74 वरून 68 वर आला, तर लगेच ‘सेवा ढासळली’ म्हणून बैठक लागते. सेवा जिथल्या तिथे असते. आधी जे बोलत नव्हते ते आता बोलू लागले आहेत.

वजन देऊनही एक मर्यादा राहतेच. वय, लिंग, भेटीची वेळ, ट्रायाजची पातळी (म्हणजे आल्याआल्या ठरवलेली गंभीरता) या नोंदीतल्या गोष्टींपुरतंच ते चालतं. ज्याला भाषा वाचता येत नाही, ज्याला घर नाही, जो मानसिक आजाराच्या झटक्यात आणला गेला, ज्याचा नोंदवलेला मोबाइल नंबर त्याला सोडायला आलेल्या माणसाचा होता, अशांची उणीव गणिताने भरून निघत नाही. त्यांच्यापर्यंत दुभाष्या किंवा मुलाखतीनेच पोहोचावं लागतं.

विचारण्याची रीतही आकडा हलवते. फोनवर समोर माणूस असला की लोक जरा गोड बोलतात. कागदावर जास्त मोकळं लिहितात. एचकॅप्सची तयारी चालू असताना रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या पद्धतींत वाटून हे तपासलं गेलं, आणि टपालापेक्षा फोनवरची उत्तरं खरोखरच जास्त अनुकूल निघाली. म्हणून एक रुग्णालय फोनने आणि दुसरं टपालाने विचारत असेल, तर दुरुस्ती केल्याशिवाय त्यांची तुलना करू नये.

वेळेचंही असंच आहे. निघतानाच, दारात विचारलं तर माणूस भीड धरतो, आणि डिस्चार्जच्या वेळी दिलेली माहिती घरी उपयोगी पडली की नाही हे त्याला तेव्हा माहीतच नसतं. दोन महिन्यांनी विचारलं तर तपशील पुसलेले असतात आणि पुढचा आजार मागच्या आठवणीला रंग देतो. दोन-तीन दिवसांनंतर आणि सहा आठवड्यांच्या आत, हा पट्टा बरा. एचकॅप्समध्ये बरीच वर्षं 48 तास ते सहा आठवडे हीच चौकट होती.

प्रश्न कसा लिहायचा

एक वाईट प्रश्न घेऊ: ‘डॉक्टर व नर्स यांनी आपणांस आदराने व वेळेवर सेवा दिली का?’ यात चार प्रश्न आहेत. डॉक्टर आदराने वागले पण उशिरा आले, नर्स वेळेवर आली पण खेकसली, तर कुठे खूण करायची? शिवाय गणवेशातल्या माणसांपैकी डॉक्टर कोण, नर्स कोण, तंत्रज्ञ कोण, हे रुग्णाला खात्रीने सांगता येत नाही. ‘तुम्हाला तपासणाऱ्यांनी’ असं लिहिणं जास्त प्रामाणिक.

‘तुमच्या खाजगीपणाची काळजी घेतली गेली का?’ हा कागदोपत्री छान प्रश्न. वाचणाऱ्यांपैकी कोणाला वाटतं केसपेपरबद्दल विचारलंय, कोणाला वाटतं कपड्यांबद्दल, कोणाला वाटतं शेजारच्या खाटेवरच्या माणसाने ऐकलं त्याबद्दल. म्हणून तो फोडायचा. ‘तपासताना पडदा ओढला होता का?’ आणि ‘नाव-पत्ता, आजार सांगताना इतरांना ऐकू जात होतं का?’ एक सावधगिरी: पहिल्या प्रश्नात ‘हो’ चांगलं आणि दुसऱ्यात ‘हो’ वाईट. भराभर खुणा करणारा माणूस दोन्हीकडे ‘हो’ करून मोकळा होतो. दुसरा प्रश्न उलटवून ‘इतरांना ऐकू न जाता बोलता आलं का?’ असा करावा.

हे घरी बसून कळत नाही. आठ-दहा माजी रुग्णांना प्रश्नावली द्यायची, मोठ्याने वाचायला सांगायचं आणि प्रत्येक प्रश्नानंतर विचारायचं, ‘हे तुम्हाला काय विचारतंय, तुमच्या शब्दांत सांगा.’ निम्मे प्रश्न तिथेच दुरुस्त होतात. भाषांतर केलेल्या प्रश्नावलीला ही चाचणी पुन्हा द्यावी लागते. ‘नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, कधीच नाही’ ही उत्तरांची पट्टी चार दिवस वॉर्डात राहिलेल्या रुग्णासाठी ठीक आहे. तीन तासांच्या भेटीत डॉक्टर एकदाच भेटले असतील तर ‘नेहमी’ला काही अर्थ राहत नाही. इमर्जन्सीसाठी ‘हो, पूर्ण’, ‘हो, थोडंफार’, ‘नाही’ ही पट्टी जास्त चपखल बसते.

चौथा पर्याय विसरायचा नाही: ‘मला लागू नाही’. समजा 200 जणांनी ‘तपासणीच्या रिपोर्टमध्ये काय आलं ते समजेल अशा भाषेत सांगितलं का?’ याचं उत्तर दिलं. 60 जणांची कोणतीही तपासणी झाली नव्हती. 98 जण म्हणाले ‘हो, पूर्ण’. 200 ने भागलं तर 49 टक्के, 140 ने भागलं तर 70. बरोबर आकडा 70. ‘लागू नाही’ हा पर्यायच दिला नसता तर ते 60 जण ‘नाही’वर खूण करून गेले असते आणि विभागाला नसलेला दोष चिकटला असता.

वाट पाहण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इमर्जन्सीतली सगळ्यात मोठी तक्रार तीच. ‘किती मिनिटं थांबलात?’ या प्रश्नाचं उत्तर फारसं विश्वासार्ह नसतं. वेदना होत असताना घड्याळ मंद चालतं. नोंदणीची आणि तपासणीची खरी वेळ संगणकात असते, ती तिथून घ्यावी. रुग्णाला ते विचारावं जे संगणकाला माहीत नाही: किती वेळ लागेल हे सांगितलं का, उशीर का होतोय ते सांगितलं का, मध्येच त्रास वाढला तेव्हा कोणाचं लक्ष वेधता आलं का. सेवाक्षेत्राचे अभ्यासक डेव्हिड माइस्टर यांनी 1985 मध्ये रांगेतल्या माणसाच्या मनाबद्दल जे मांडलं ते इथे तंतोतंत लागू पडतं: कारण न सांगितलेली वाट, आणि किती वेळ ते ठाऊक नसलेली वाट, जास्त लांब वाटते. 1996 मध्ये इमर्जन्सीच्या रुग्णांवर झालेल्या एका अमेरिकन अभ्यासातही प्रत्यक्ष मिनिटांपेक्षा ‘अपेक्षेहून लवकर की उशिरा’ ही भावना, मिळालेली माहिती आणि कर्मचाऱ्यांचं वागणं यांचा समाधानाशी जास्त घट्ट संबंध दिसला. जास्त गंभीर रुग्णाला आधी घेतात, ही साधी गोष्ट बाहेर बसलेल्याला कोणी सांगितली नसेल तर त्याला ती वशिलेबाजी वाटते.

सोबत आलेल्या माणसाने फॉर्म भरला असेल तर तेही विचारून घ्यावं. मूल, भ्रमिष्ट झालेले आजोबा, बेशुद्ध रुग्ण यांच्या वतीने नातेवाईकच बोलणार. पण नातेवाईक जे पाहतो ते बाहेरच्या बाकावरून पाहिलेलं असतं.

आकडा वाचताना

गुण देण्याच्या दोन रीती चालतात. एकीत फक्त ‘हो, पूर्ण’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी घेतात. दुसरीत ‘हो, पूर्ण’ला 10, ‘थोडंफार’ला 5, ‘नाही’ला 0 देऊन सरासरी काढतात, इंग्लंडचं सर्वेक्षण असंच करतं. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण निकाल उलटा लावू शकतात. एका विभागात 60 टक्के ‘पूर्ण’, 30 ‘थोडंफार’, 10 ‘नाही’. दुसऱ्यात 70, 5 आणि 25. पहिल्या रीतीने दुसरा विभाग पुढे, 70 विरुद्ध 60. सरासरीने पहिला पुढे, 7.5 विरुद्ध 7.25. दुसऱ्या विभागात दर चौथा माणूस कोरा परत गेला आहे, हे फक्त ‘पूर्ण’ मोजून दिसत नाही. आमच्या मते तिन्ही आकडे शेजारी छापावेत. जागा फार लागत नाही.

मग येतो योगायोगाचा वाटा. 100 उत्तरांत 70 टक्के आले तर खरा आकडा साधारण 61 ते 79 मध्ये कुठेही असू शकतो. 400 उत्तरं असतील तर 65.5 ते 74.5. चारपट माणसं विचारली की धूसरपणा निम्मा होतो, चतुर्थांश नाही. 30 उत्तरांवर तो वरखाली 16 अंकांचा असतो, म्हणून इंग्लंडमध्ये 30 पेक्षा कमी उत्तरं असतील तर तो निकाल छापतच नाहीत. दोन महिन्यांची तुलना करताना, दोन्हीकडे 100 उत्तरं असतील, तर सुमारे 13 अंकांपेक्षा छोटा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. दरमहा हिरवे-लाल बाण काढणारे तक्ते याकडे काणाडोळा करतात, आणि पाच अंक घसरले म्हणून सिस्टरना जाब विचारला जातो. बारा-पंधरा महिन्यांचे ठिपके एका रेषेत मांडले तर हा मूर्खपणा टळतो.

आकड्याला पैसे जोडले की आणखी एक धोका येतो. एचकॅप्समध्ये पूर्वी ‘तुमचं दुखणं किती वेळा नीट आटोक्यात होतं?’ असा प्रश्न होता आणि त्याच्या गुणांचा रुग्णालयाच्या मोबदल्याशी संबंध होता. अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाची साथ पसरत असताना, गुणांसाठी डॉक्टर ती औषधं सढळ हाताने लिहितील अशी भीती व्यक्त झाली. सीएमएसने आधी तो भाग मोबदल्याच्या हिशेबातून काढला, 2018 मध्ये प्रश्न बदलून ‘दुखण्याबद्दल तुमच्याशी बोललं गेलं का’ असे केले, आणि 2019 मध्ये तेही काढून टाकले. पहिल्या प्रश्नाचा गुण गोळी देऊन वाढवता येत होता. विभागाकडून जे वागणं खरोखर हवं आहे त्याबद्दलच विचारावं, ते यासाठी.

शेवटची मोकळी जागा, ‘आणखी काही सांगायचं आहे?’, ही बऱ्याचदा कोणी वाचत नाही. ‘थोडंफार’च्या मागचं कारण तिथेच सापडतं: ‘औषधं सांगितली, पण मला ग्लानी होती आणि बायकोला आत घेतलं नाही.’ दोघांनी वेगवेगळं वाचून विषय लावावेत आणि जिथे पटत नाही तिथे चर्चा करावी. कर्मचाऱ्याचं नाव, रुग्णाची ओळख पटेल असा तपशील अहवालात जाण्याआधी काढावा. कोणी हेळसांड किंवा इजा झाल्याचं लिहिलं असेल तर ते तिमाही अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी जबाबदार माणसाच्या टेबलावर जायला हवं. त्यासाठी उत्तरं आल्याआल्या नजर टाकणारं कोणीतरी नेमलेलं लागतं.

समजा ‘कोणत्या लक्षणांवर परत यायचं ते सांगितलं का’ हा आकडा रात्री दहानंतरच्या भेटींत सतत खाली दिसतो. कारण शोधायला रात्रपाळीत जाऊन उभं राहावं लागतं. तिथे डिस्चार्जचा कागद आणि तोंडी सांगणं ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांकडे असतील आणि रात्री त्यातला एकच हजर असेल, तर दोष वागण्याचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे. वाटणी बदलली की त्या तारखेला आलेखावर उभी रेघ मारावी आणि प्रश्नाच्या एका शब्दालाही हात लावू नये. शब्द बदलायचाच असेल तर त्या दिवशी दुसरी रेघ मारावी आणि आधीच्या ठिपक्यांशी तुलना तिथेच थांबवावी.